उसनी आकृती : तोंडाचं अस्तर, टाइट जंक्शन आणि आपले प्रबंध

तोंडाच्या अस्तरावरचा कुठलाही प्रबंध उघडा, पहिल्या प्रकरणात एक आकृती हमखास भेटते. उंच, उभ्या विटांसारख्या पेशी एका ओळीत. वरच्या टोकाला दोन पेशींच्या मधोमध एक गडद पट्टा आणि त्याला बाण करून लिहिलेलं ‘टाइट जंक्शन’. त्याखाली अ‍ॅडहेरन्स जंक्शन, त्याखाली डेस्मोसोम. खाली एक ठरलेलं वाक्य : हा पट्टा सैल झाला की अडसर मोडतो आणि नको ते आत शिरतं.

आकृती बरोबर आहे. पण ती तोंडाची नाही, आतड्याची आहे.

पेट देऊन बसलेल्या, आरआरसीसमोर आराखडा मांडायच्या तयारीत असलेल्या मित्रमैत्रिणींसाठी आजचा लेख आहे. मराठवाड्यात जीवशास्त्र, बायोटेक किंवा दंतवैद्यकातल्या मुलांना विषय सुचतो तेव्हा सुपारी, गुटखा, मावा आणि त्यातून होणारा ओरल सबम्युकस फायब्रोसिस हे नाव लवकर पुढे येतं. साहजिक आहे, रुग्ण आपल्या डोळ्यांसमोर आहेत. घाटीच्या आवारात १९८२ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथे किंवा कुठल्याही दंत ओपीडीत थोडा वेळ बसलात तर तोंड पुरतं न उघडणारा माणूस दिसतोच. मग विषय ठरतो : ‘सुपारीतल्या अरेकोलिनचा टाइट जंक्शनवर होणारा परिणाम’. विषयाला माझी हरकत नाही. हरकत त्यामागे न तपासता धरलेल्या गृहीतकाला आहे, की तोंडाचा अडसर म्हणजे टाइट जंक्शन.

आकृती आली कुठून

१९६३ साली मेरिलिन फार्कर आणि जॉर्ज पलाडे यांनी ‘जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी’त एक निबंध छापला. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली उंदीर आणि गिनीपिग यांच्या अवयवांची अस्तरं त्यांनी एकामागून एक पाहिली. जठर, आतडं, पित्ताशय, मूत्रपिंड, स्वादुपिंड वगैरे. सगळीकडे शेजारच्या दोन पेशींच्या जोडावर तेच तीन भाग त्याच क्रमाने दिसले. सगळ्यात वर दोन पेशींची पटलं एकमेकांना चिकटल्यासारखी, मधली फट नाहीशी झालेली. तेच पुढे टाइट जंक्शन म्हणून रूढ झालं. आपल्या प्रबंधांतली आकृती या निबंधाची नातवंडं-पतवंडं समजा.

आता गंमत बघा. यातली बहुतेक अस्तरं एकपदरी होती. एकाच थराने आतलं आणि बाहेरचं जग वेगळं करायचं असेल तर पेशींच्या मधली फट बंद करणारा पट्टा हाच अडसर, हे ओघानेच आलं. पण थरावर थर असलेल्या अस्तराचं काय? तो प्रश्न लेखकांनी स्वतःच हातात घेतला आणि १९६५ साली बेडकासारख्या उभयचरांच्या कातडीवर वेगळा निबंध लिहिला. म्हणजे मूळ लेखकांना माहीत होतं की एका ऊतीचं चित्र दुसऱ्या ऊतीवर तसंच डकवता येत नाही. आपण ते विसरलो.

विसरायला कारणही झालं. १९८६ मध्ये झेडओ-१ हे प्रथिन सापडलं. १९९३ मध्ये जपानमध्ये शोइचिरो त्सुकिता यांच्या गटाने ऑक्लुडिन शोधलं आणि १९९८ मध्ये त्याच गटात मिकिओ फुरुसे आणि सहकाऱ्यांनी क्लॉडिन शोधली. नाव लॅटिनमधलं, ‘बंद करणे’ या अर्थाचं. ही शोधमालिका फार मोलाची होती, त्याबद्दल दुमत नाही. पण प्रथिन सापडलं की त्याची अँटिबॉडी बनते, अँटिबॉडी बनली की ती विकत मिळते, आणि विकत मिळाली की जो तो आपल्या हाताशी असलेली ऊती रंगवून बघतो. गालाच्या तुकड्यावर क्लॉडिन रंगलं तर ‘अडसर आहे’, फिकट आलं तर ‘अडसर गेला’. मधली पायरी, म्हणजे या ऊतीत अडसराचं काम नक्की कोण करतं, ती गळून पडली.

तोंडात अडसर कुठे असतो

आरशासमोर उभे राहा आणि तोंड उघडा. टाळूचा पुढचा कडक भाग आणि दातांभोवतीची हिरडी यांवर चावण्याचा मार बसतो. तिथलं अस्तर केराटिनचं, म्हणजे कातडीच्या बरंच जवळचं. गालाची आतली बाजू, जिभेखालची जागा, टाळूचा मागचा मऊ भाग इथलं अस्तर केराटिन नसलेलं, ओलं, लवचीक. गालाच्या आत पेशींचे थर ४०-५० पर्यंत असू शकतात. एका थराचा इथे प्रश्नच नाही.

हे थर खालून वर सरकत जातात. वर जाताना पेशींच्या आत बारीक पुटिका तयार होतात आणि वरच्या भागात आल्यावर त्या आपल्यातले स्निग्ध पदार्थ दोन पेशींच्या मधल्या जागेत ओततात. विटांच्या मध्ये चुन्याचा गिलावा भरावा तसं. केराटिन असलेल्या जागी या गिलाव्यात सेरामाइडं असतात, त्यामुळे तो घट्ट. गालाच्या आत त्यांचं प्रमाण कमी आणि ग्लुकोसिलसेरामाइडं, कोलेस्टेरॉलची एस्टरं असले तुलनेने पाणी सोडणारे घटक जास्त, त्यामुळे तो ढिला.

हे कळलं कसं? अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातले ख्रिस्तोफर स्क्वायर यांनी या कामात आयुष्याचा मोठा भाग घातला. त्यांची पद्धत साधी होती आणि म्हणूनच मला आवडते. डोळ्यांना दिसेल असा मार्गदर्शक रेणू, उदाहरणार्थ हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज, एकदा अस्तराच्या वरून सोडायचा आणि एकदा खालून. कुठे अडतो ते बघायचं. वरून सोडला तर तो वरच्या काही थरांतच थांबतो. खालून सोडला तर बराच वर चढतो आणि पुटिका जिथे आपला माल ओततात त्या पातळीपाशी अडतो. म्हणजे मुख्य अडसर अस्तराच्या वरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शात आहे आणि तो त्या स्निग्ध गिलाव्याशी बांधलेला आहे.

१९८५ साली स्क्वायर आणि हॉल यांनी डुकराच्या ऊतींवर क्रम लावला. पाणी सगळ्यात कमी सोडते ती त्वचा, मग हिरडी, मग गाल आणि सगळ्यात जास्त सोडते ती जिभेखालची जागा. पुढे मानवी ऊतींवर मोजमाप झालं तेव्हा त्वचेच्या तुलनेत गालातून पाणी दहापटीहून जास्त वेगाने जातं आणि जिभेखालून वीसपटीहून जास्त, असं दिसलं. एकाच तोंडात, बोटभर अंतरावर, अडसर इतका बदलतो.

आता ते प्रसिद्ध वाक्य आठवा : ‘तोंडाचं अस्तर त्वचेपेक्षा ४ ते ४००० पट पारगम्य असतं.’ रिव्ह्यूंमध्ये ते एकातून दुसऱ्यात उचललेलं दिसतं. चार आणि चार हजार यांत हजारपट फरक आहे! भाजीवाल्याने ‘मेथीची जुडी ४ ते ४००० रुपये’ सांगितलं तर आपण लगेच विचारू, कुठली मेथी आणि कुठल्या बाजारात. इथे मात्र आपण आकडा उतरवून घेतो आणि पुढे जातो. त्या आकड्याचा अर्थ एवढाच, की कुठली जागा आणि कुठला रेणू हे न सांगता पारगम्यतेबद्दल बोलण्यात फारसा अर्थ नाही.

मग टाइट जंक्शन बिनकामाचं आहे का?

नाही. इथे दुसऱ्या टोकाला जाऊ नका. या टीकेला सगळ्यात वजनदार उत्तर फुरुसे यांच्याच २००२ सालच्या निबंधात आहे.

तोवर सस्तन प्राण्यांच्या त्वचेत अडसर म्हणजे वरचा केराटिनचा थर, टाइट जंक्शनचा तिथे फारसा संबंध नाही, असं बरेच जण मानत. फुरुसे यांच्या गटाने क्लॉडिन-१ चा जनुक नसलेले उंदीर तयार केले. पिल्लं जन्मली आणि एका दिवसाच्या आत मेली. कातडी सुरकुतलेली, शरीरातलं पाणी कातडीतून उडून गेलेलं. सुमारे ६०० डाल्टनचा मार्गदर्शक रेणू खालून सोडल्यावर निरोगी पिल्लांत तो टाइट जंक्शनपाशी अडला, या पिल्लांत तिथून निसटून पुढे गेला. थरावर थर असलेल्या अस्तरातही टाइट जंक्शन काम करतं, याचा याहून थेट पुरावा मिळणं अवघड.

या निबंधाचं बळ कशात आहे ते नीट बघा. त्यांनी प्रथिन रंगवून ‘कमी झालं’ एवढंच सांगितलं नाही. प्रथिन काढून टाकलं, मग पाणी मोजलं, मग रेणू कुठे अडतो ते दाखवलं. प्रथिन, काम आणि जागा, तिन्ही गोष्टी एकाच प्राण्यात जोडल्या. आपल्याकडच्या बहुतेक प्रबंधांत यातली पहिली असते, दुसरी कधीकधी असते आणि तिसरी नसते.

म्हणून तोंडापुरतं न्याय्य विधान असं करता येईल : अडसर अनेक पदरी आहे. वर लाळ आणि तिच्यातला चिकट म्यूसिन, मग वरच्या थरांतला स्निग्ध गिलावा, त्याच्या जोडीला टाइट जंक्शनची प्रथिनं आणि पेशी घट्ट धरून ठेवणारे डेस्मोसोम. कुठल्या रेणूला यातला कुठला पदर अडवतो, हा खरा संशोधनाचा प्रश्न.

तिखट लागतं म्हणजे काय होतं

आता आपल्या रुग्णाकडे येऊ. ओरल सबम्युकस फायब्रोसिसचं वर्णन १९५२ साली श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय स्त्रियांवरून केलं आणि पुढच्याच वर्षी मुंबईत जोशी यांनी त्याला सबम्युकस फायब्रोसिस हे नाव दिलं. आज आपल्याला माहीत आहे की याच्या मुळाशी सुपारी आहे. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, आयएआरसीने, तंबाखू नसलेली नुसती सुपारीही माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकली आहे. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटखा-पानमसाल्यावर बंदी घातली, तरी ‘मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी’ हा दिलासा अजून घरोघरी चालतो.

रुग्ण डॉक्टरांकडे येतो तो बहुधा तोंड उघडेना म्हणून. निरोगी माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी सहज जातात, याच्या तोंडात दोनही जात नाहीत. पण नीट विचारलं तर तक्रार आधीपासून सुरू झालेली असते : तिखट सहन होत नाही. ठेचा सुटला, मग झणझणीत आमटी सुटली, मग घरच्यांनी त्याची भाजी वेगळी करायला सुरुवात केली. मराठवाड्यात जेवणात तिखट बंद होणं ही लहान गोष्ट नाही. ही जळजळ म्हणजे अडसर बिघडल्याची रुग्णाने स्वतः दिलेली नोंद आहे. तुमचा सगळा प्रबंध या एका तक्रारीचं उत्तर देऊ शकला तरी तो सार्थकी लागला.

इथेच उसनी आकृती आपल्याला चकवते. आकृतीवरून उत्तर ठरलेलं : टाइट जंक्शन सैल झालं, मिरचीतलं तिखट फटीतून आत गेलं, मज्जातंतूंना लागलं. पण मिरचीतला कॅप्सायसिन हा रेणू बघा. वजन सुमारे ३०५ डाल्टन, पाण्यात जेमतेम विरघळतो, तेलात मजेत. मिरचीच्या फोडणीचं तेल लाल आणि तिखट होतं ते काय उगीच? असा रेणू पेशींच्या मधल्या पाणथळ फटीची वाट बघत बसत नाही. स्निग्ध पटलातून, पेशीच्या आरपार जाणं त्याला सोपं. मग टाइट जंक्शन सैल असो की घट्ट, त्याला किती फरक पडणार?

या आजारात अस्तर बहुतेकदा पातळ होतं, खालच्या भागात कोलेजन साचून रक्तवाहिन्या कमी होतात. वाट लहान झाली आणि आत शिरलेला माल वाहून नेणारं रक्त कमी झालं, एवढ्यानेही जळजळ वाढू शकते. ही शक्यता टाइट जंक्शनच्या शक्यतेइतकीच गंभीरपणे तपासायला हवी. अस्तराची जाडी मोजायला तर महागडी अँटिबॉडीही लागत नाही. साधी स्लाइड आणि मोजपट्टी पुरते.

हाच हिशोब सुपारीच्या रेणूंना लावा. अरेकोलिनचं वजन सुमारे १५५ डाल्टन. भार नसलेल्या रूपात तो पटलातून जाऊ शकतो. चुना मिसळला की त्याचा बराच भाग अरेकायडिनमध्ये बदलतो आणि अरेकायडिनवर धन आणि ऋण दोन्ही भार असतात. स्निग्ध पटल ओलांडणं त्याला जड, त्यामुळे पेशींच्या मधल्या फटीचं महत्त्व त्याच्यासाठी जास्त असण्याची शक्यता. तंबाखूला चुना चोळण्यामागेही असंच रसायन आहे. आम्लता कमी झाली की निकोटिन भारमुक्त होतं आणि अस्तरातून झटकन आत जातं. शिवाय चुन्याचं संपृक्त द्रावण १२ च्या वर पीएच दाखवतं. ते अस्तराला स्वतःच भाजतं. म्हणजे एकाच माव्यात तीन-चार रेणू, प्रत्येकाचा रस्ता वेगळा. ‘अरेकोलिन आणि टाइट जंक्शन’ हे शीर्षक यातला एकच रेणू आणि एकच रस्ता धरतं, आणि तो रेणू बहुतेक त्या रस्त्याने जाणारा नव्हेच.

मोजतो काय आणि म्हणतो काय

आता पद्धतींकडे. तीन सवयी खटकतात.

पहिली, रंगकामाची. स्लाइडवर झेडओ-१ किंवा क्लॉडिन रंगवून गुण द्यायचे आणि निष्कर्षात ‘अडसराचं काम बिघडलं’ असं लिहायचं. आपल्या शहराला बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात. जुन्या तटबंदीची पडझड झाली, कितीतरी ठिकाणी तट उरलाच नाही, पण दरवाजा शाबूत उभा आहे आणि वाहनं बाजूने जातात. केवळ दरवाजे मोजून शहराचं संरक्षण किती हे सांगता येत नाही. प्रथिन दिसणं हा दरवाजा दिसण्यासारखा पुरावा आहे. उपयोगी, पण अपुरा.

याच सवयीतली आणखी एक खाच म्हणजे निरोगी नमुना. रुग्णाचा तुकडा गालाच्या आतून घेतलेला आणि तुलनेचा तुकडा अक्कलदाढ काढताना मिळालेल्या हिरडीचा, असं जमवलेलं दिसतं. सोयीचं आहे, समजू शकतो. पण एक केराटिन नसलेली जागा आणि दुसरी केराटिनची. फरक आला तर तो आजाराचा की जागेचा? उत्तर देता येणार नाही. मिश्री हिरडीला लागते, मावा गाल आणि दाढेच्या मध्ये धरला जातो. जागेचा प्रश्न आपल्याकडच्या सवयींतच बसलेला आहे.

दुसरी सवय टीईईआरची. ट्रान्सवेलमध्ये पेशी वाढवायच्या, दोन इलेक्ट्रोड बुडवायचे, विद्युतरोध ओहम-चौरस सेंटिमीटरमध्ये घ्यायचा. आकडा पडला की अडसर फुटला. पण टीईईआर मोजतं ते आयनांची ये-जा. २००१ साली फुरुसे यांच्या गटाने घट्ट जातीच्या एमडीसीके पेशींत क्लॉडिन-२ घातलं. विद्युतरोध कोसळला, पण डेक्स्ट्रानसारखे मोठे रेणू पूर्वीइतकेच अडत राहिले. क्लॉडिन-२ ने धन आयनांसाठी बारीक छिद्रं उघडली होती, भगदाड पडलं नव्हतं. म्हणून टीईईआरसोबत दोन वेगवेगळ्या आकारांचे मार्गदर्शक रेणू सोडून बघणं हे किमान काम समजा.

भरीला अगदी साधी शंका : पेशी जिवंत आहेत ना? अरेकोलिन पुरेसं ओतलं तर पेशी मरतात, आणि मेलेल्या पेशींचा विद्युतरोध पडतोच. त्याला टाइट जंक्शनवरचा परिणाम म्हणायचं असेल तर त्याच मात्रेला, त्याच वेळेला पेशी जगल्याचा पुरावा शेजारच्या रकान्यात हवा. तापमान उतरलं-चढलं तरी आकडा हलतो. उन्हाळ्यात वीज गेलेल्या प्रयोगशाळेत इन्क्युबेटरबाहेर काढलेली प्लेट किती वेळ ठेवली, हेही लिहा.

तिसरी सवय पेशींच्या निवडीची. हाताशी असते ती पेशीमालिका वापरायची : कातडीची हाकॅट, कधी गालाच्या कर्करोगातून आलेली टीआर-१४६, कधी चक्क आतड्याची कॅको-२. मग शीर्षकात ‘ओरल’. एकाच थरात वाढवलेल्या पेशींना वरच्या थरांतला स्निग्ध गिलावा बनवायची संधीच मिळत नाही. तोंडातला मुख्य अडसर ज्यात नाही असं प्रारूप घेऊन तोंडाचा अडसर कसा मोजणार? पेशींना वरून हवा आणि खालून पोषण देऊन थर चढवता येतात. त्याला वेळ आणि पैसा लागतो हे खरं. पण नसेल परवडत तर शीर्षक लहान करा. लहान शीर्षकाने कुणाची पीएचडी अडत नाही.

बरं काम कसं दिसतं

नुसती टीका करून सोडलं तर तुमच्या हाती काही लागणार नाही, म्हणून एक उदाहरण. २०१९ साली जपानच्या ओसाका विद्यापीठातल्या ताकेउची आणि सहकाऱ्यांनी ‘प्लॉस पॅथोजेन्स’मध्ये हिरड्यांच्या आजारातल्या पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस या जंतूवर निबंध लिहिला. हा जंतू जिंजिपेन नावाची प्रथिनं कापणारी विकरं सोडतो. लेखकांनी दाखवलं की ही विकरं जॅम-१ हे जोडावरचं प्रथिन कापतात आणि मग जंतूंचे लिपोपॉलिसॅकराइड आणि पेप्टिडोग्लायकॅन हे तुकडे अस्तरातून आत शिरतात.

यात मला तीन गोष्टी चांगल्या वाटतात. कुठला रेणू आत जातो हे त्यांनी नाव घेऊन सांगितलं, नुसतं ‘पारगम्यता वाढली’ म्हटलं नाही. त्यांनी निवडलेले रेणू मोठे आणि पाणीप्रेमी आहेत, म्हणजे पेशींच्या मधल्या वाटेचा प्रश्न त्यांना खरोखर लागू होतो. आणि त्यांनी एकाऐवजी अनेक थरांचं हिरडीचं प्रारूप बांधलं. प्रश्न, रेणू आणि प्रारूप एकमेकांना शोभणारे.

तरीही एक मर्यादा वाचकाने मनात ठेवावी. दाताला हिरडी जिथे चिकटते तिथलं अस्तर, ज्याला जंक्शनल एपिथेलियम म्हणतात, त्यात टाइट जंक्शन नसतंच. डेस्मोसोमही थोडे, पेशींमधल्या जागा रुंद, आणि त्यातून द्रव आणि पांढऱ्या पेशी सतत बाहेर झिरपत असतात. तिथलं संरक्षण अडवण्यापेक्षा धुऊन काढण्यावर आणि पेशी भराभर बदलण्यावर चालतं. नावात ‘जंक्शनल’ आणि आत टाइट जंक्शन नाही, यावर तोंडी परीक्षेत प्रश्न आला तर गडबडू नका. म्हणजे ओसाकाचा निष्कर्ष हिरडीच्या बाकी अस्तराला लागू पडेल, पण त्या चिंचोळ्या पट्टीला जसाच्या तसा नाही. एवढ्याने निबंध लहान होत नाही, त्याची हद्द कळते.

आरआरसीला जाण्याआधी

तुमच्या आराखड्यात ‘अडसर’ हा शब्द जिथे जिथे आला असेल त्याखाली पेन्सिलने रेघ मारा आणि प्रत्येक रेघेला चार प्रश्न विचारा. कुठल्या जागेचा अडसर : गाल, हिरडी की जिभेखालचा? कुणाविरुद्ध : नाव, वजन, भार, तेलात विरघळतो की पाण्यात? कुठला पदर : लाळ, स्निग्ध गिलावा, टाइट जंक्शन की नुसती जाडी? आणि मी मोजणार ते प्रथिन आहे की काम? चारपैकी एकाचंही उत्तर नसेल तर समितीतले लोक तेच विचारणार, आणि त्यांनी नाही विचारलं तर पुढे परीक्षक विचारतील.

आपल्याला इथे बसून करता येण्यासारखं बरंच आहे. दंत महाविद्यालयाशी रीतसर करार आणि नैतिक समितीची परवानगी घेऊन, एकाच जागेचे, गालाच्या आतलेच, रुग्णाचे आणि निरोगी माणसाचे नमुने जमवता येतील. थराची जाडी, स्निग्ध पदार्थांचं रंगकाम, क्लॉडिनचं रंगकाम हे तिन्ही एकाच तुकड्याच्या लागोपाठच्या कापांवर करता येईल. आणि त्याच रुग्णाला तिखट किती सोसतं, हे ठरावीक मापाने विचारून त्या नोंदीशी जोडता येईल. असं काम कुठल्या मोठ्या यंत्रासाठी खोळंबणार नाही. त्यातून कदाचित असं निघेल की जळजळीशी क्लॉडिनचा संबंध आहे. कदाचित असं निघेल की नाही, जाडीचाच आहे. दोन्ही उत्तरं छापण्यासारखी आहेत, आणि दोन्हींचे पुढचे रस्ते वेगळे. जाडीचा प्रश्न असेल तर ‘टाइट जंक्शन दुरुस्त करणारा’ म्हणून एखादा माउथवॉश उद्या बाजारात आला, तर तो घेऊन ठेचा सुटलेल्या माणसाचे पैसे जातील आणि तोंड तसंच जळत राहील.

आकृती काढायचीच असेल तर आपल्या तोंडाची काढा. चाळीस थर, वर लाळ, मध्ये गिलावा, टाइट जंक्शनची प्रथिनं जिथे खरोखर रंगली तिथे, आणि बाजूला मोजपट्टी. ती आकृती काढता काढताच तुमच्या आराखड्यातले निम्मे प्रश्न तुम्हाला स्वतःला सुचतील.